दिवेवाले

हिवाळ्यात सिएटलच्या धक्क्यांवर रात्री माकुल पकडायला दोन प्रकारचे लोक येतात. एक दिवा आणणारे, दुसरे त्या दिव्याच्या उजेडात फुकट उभे राहणारे. संख्येने दुसरे जास्त, आणि मी त्यांच्यातला जुना सभासद. पण धक्का चालतो तो दिवेवाल्यांच्या मर्जीवर, तेव्हा लिहायचं ते त्यांच्याबद्दलच.

दिवेवाला कुठल्याही देशाचा असू शकतो. व्हिएतनामचा, फिलिपिन्सचा, कंबोडियाचा, कोरियाचा, क्वचित आपल्या मालवणकडचाही. ढब मात्र सगळ्यांची एकच. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगात तीन जाकिटं, डोक्याला दिवा आणि चेहऱ्यावर ‘मी नसतो तर तुमचं काय झालं असतं’ हा भाव. डिसेंबरात इथे सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्याच्या आधीच हा हजर. ढकलगाडीतून बॅटरी निघते, दिव्यांची पट्टी निघते, दोऱ्या, घडीची खुर्ची, थर्मास, बादली निघते. गळाची काठी सगळ्यात शेवटी निघते. पूर्वी जनरेटर असायचा आणि त्याच्या धडधडाटात कुणाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागे. आता एलईडी आल्यामुळे दिवेवाल्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू येतं. जनरेटरचे काही फायदे होते, हे आता पटतं.

कठड्याला दिवा बांधणं हा विधी असतो. सरळ खाली धरायचा नाही, फार लांबही फेकायचा नाही. उजेडाला आधी बारीकसारीक जीव जमतात, त्यांच्या मागे माकुल येतं आणि उजेड-अंधाराच्या शिवेवर दबा धरून राहतं. ती शीव नेमकी कुठे पडावी याचं गणित फक्त दिवेवाल्याला येतं. दिवा लागला की पाण्यावर हिरवट गोल पडतो आणि तो गोल त्याचं वतन होतो. समुद्र सरकारचा, माकुल ज्याचं त्याचं, पण उजेड त्याचा. तुम्ही ‘इथे उभं राहू का?’ असं विचारलंत, तर तो आपली खुर्चीसुद्धा सरकवून देईल. न विचारता घुसलात, तर तोंडातून चकार शब्द काढणार नाही. फक्त दिवा दोन इंच पलीकडे वळवेल.

वेस्ट सिएटलच्या सीक्रेस्ट धक्क्यावर आमच्या मालवणी दिवेवाल्याची गादी आहे. समोर इलियट बे, पलीकडे शहराचा अख्खा झगमगाट, पण त्याचा विश्वास स्वतःच्या दिव्यावर. गावाकडे याचे भाऊबंद एलईडी लावून मासेमारी करणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडतात. केंद्र सरकारने 2017 साली त्या मासेमारीवर बंदी घातली, तेव्हा यानेही फोनवरून समाधान व्यक्त केलं होतं, हे तो स्वतःच सांगतो. मी एकदा हा विषय काढला. ‘तो धंदो, ह्यो छंद,’ एवढंच म्हणून त्याने बॅटरीची वायर तपासायला घेतली. मुद्दा त्याचा बरोबर होता. तिथे अख्खी जाळी भरतात. इथे एका माणसाला दिवसाला 10 पौंड किंवा 5 क्वार्ट, म्हणजे साधारण साडेचार किलो. परवाना लागतोच, आणि बादली ज्याची त्याची वेगळी. सख्खे नवराबायको असले तरी सामायिक बादली चालत नाही. हे नियम तो इतके वेळा ऐकवतो, की अधिकारी आला तर त्याला विचारायला काही उरणार नाही.

शिकवायची हौस अपार. माकुलाच्या गळाला आकडा नसतो. गुलाबी नाहीतर हिरव्या चमकत्या प्लास्टिकच्या बुडाशी टाचण्यांचं कडं असतं आणि त्या टाचण्यांना उलटं टोक नसतं. माशासारखा हिसका बसत नाही, काठी नुसती किंचित जड होते. नवखा माणूस हिसक्याची वाट पाहत बसतो आणि तोवर माकुल निघून जातं. ‘जड लागला की उचल! सैल सोडू नको, जातलां तां!’ असा ओरडा धक्काभर घुमतो. शेजारच्या कोरियन आजोबांना त्यातलं अक्षर कळत नाही, पण तेही काठी उचलतात.

एक गोष्ट मात्र तो कधीच आधी सांगत नाही. वर आलेलं वीतभर माकुल लालसर ठिपक्यांनी झरझर रंग बदलत असतं. नवखा हरखून ते तोंडासमोर धरतो. दिवेवाला त्याच क्षणी शांतपणे एक पाऊल बाजूला होतो. मग फस्सकन आधी पाणी आणि मागोमाग शाई. नव्या जाकिटावर काळा पाट उतरला, की दिवेवाला खिशातून कागदी रुमाल पुढे करतो. तो रुमाल संध्याकाळपासून घडी करून तयार ठेवलेला असतो.

त्याचे वैरी दोन. पौर्णिमेचा चंद्र, कारण तो सगळ्या खाडीला फुकट उजेड वाटतो आणि मग माकुल एका जागी जमत नाही. त्या रात्री हा आकाशाकडे पाठ करून बसतो. दुसरा वैरी सील. त्याला परवाना लागत नाही, बादली लागत नाही आणि दिवा दुसऱ्याचाच लागतो. या शेवटच्या बाबतीत माझं त्याच्याशी फार जवळचं नातं निघतं, म्हणून मी त्याच्याविरुद्ध बोलत नाही.

गेल्या मोसमात धक्क्यावर दुसरा दिवेवाला आला, दुप्पट मोठी पट्टी घेऊन. आमच्याने लगेच आपला जादा दिवा काढला. मग त्याने आणखी एक. आम्ही फुकटे मधल्या जागेत ऐन सुखात, दोन्हीकडून उजेड. एवढ्यात गोलात सीलचं गुळगुळीत डोकं वर आलं आणि माकुल पांगलं. अशा वेळी थोडा वेळ दिवे विझवायचे, यावर दोघांचं एकदाचं एकमत झालं. दिवे विझले. सील गेला असावा. आता पहिला दिवा कुणी लावायचा? आधी लावेल त्याची बॅटरी आधी संपणार. आम्ही दहा-पंधरा जण काळोखात काठ्या धरून उभे, दात वाजताहेत, आणि दोन्ही टोकांकडून अत्यंत आदबीने येतंय, ‘छे छे, आधी तुम्ही!’