औसा रोडचे दादा

औसा ते लातूर वीस किलोमीटर. कंडक्टर आणि एखाद्या आजीबाई यांच्यातला सुट्ट्या पैशांचा वाद मिटेपर्यंत लातूर येतं. म्हणून औशाची पुष्कळ पोरं अपडाऊन करतात. दादांनी मात्र बी.ए.चा निकाल लागला त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "हितं अभ्यास होत न्हाई. लातुरात रूम करतो." आई म्हणाली, "कर बाबा." वडील एकच शब्द बोलले, "भाडं?"

त्याला आता दहा वर्षं होऊन गेली. एम.ए. झालं, सेट झाली. पीएच.डी. चालू आहे असं दादा म्हणतात आणि गाईड त्याला नाही म्हणत नाहीत. एवढ्या काळात दादांनी अकरा रूमा बदलल्या. त्यामुळं तालुक्यातला पोरगा लातूरला शिकायला निघाला की आधी दादांना फोन लावतो, ॲडमिशनचं नंतर बघतो.

एरिया हा दादांचा खरा विषय; प्रबंधाचा विषय मला अजून कळलेला नाही. पुण्याला सदाशिव पेठ, दिल्लीला मुखर्जीनगर, तसा लातूरला ट्युशन एरिया. "तिकडं बघूबी नको," दादा सांगतात. तिथले मालक नीटवाल्या पोरांवर डोळा ठेवून बसलेले. त्यांचे आईबाप वर्षाचं भाडं एकदम मोजतात आणि पोरगं दोन वर्षांत डॉक्टर व्हायला निघूनही जातं. एम.ए.वाला निघून जाण्याची कसलीच हमी नाही. एका मालकिणीनं दादांना विचारलं होतं, "काय करताव?"

"एम.ए."

"ते झालं ओ. पण काम काय करताव?"

गंजगोलाईची बाजारपेठ 1917 सालची, तिला सोळा रस्ते फुटतात. दादांच्या मते त्यातला राहण्याजोगा एकही नाही, पहाटेपासून हमालांचा आवाज. बार्शी रोड दयानंद कॉलेजमुळं सोयीचा, पण तिथल्या टपऱ्यांवर प्राध्यापक चहा पितात आणि पीएच.डी. चालू असलेल्या माणसाला टपरीवर गाईड भेटणं परवडत नाही.

परवा माझ्या पुतण्यासाठी रूम बघायला दादांना सोबत नेलं. मालक खोली दाखवायला लागले तर दादा थेट गच्चीवर. टाकीवर बुक्की मारली, कान लावला. "टाकी हजाराची हाय काका, पाणी दोनशे." मग खाली येऊन भिंत ठोकून बघितली, कॉलम कुठं आहेत ते विचारलं. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा दादांचा जन्मही झाला नव्हता, तरी खाट कुठल्या भिंतीला लावायची नाही हे त्यांना आजीनं शिकवलेलं आहे.

"बोअर किती फूट?"

"सहाशे."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात टँकर."

"टँकरचे पैसे भाड्यात का वरून?"

मालकांनी पंखा चालू करून दाखवला.

पाण्याबाबत दादा कुणाचं ऐकत नाहीत. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली तेव्हा ते स्टेशनवर हजर होते. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळे टाळ्या वाजवत होते आणि दादा लातूरच्या लोकसंख्येनं भागाकार करत होते. भागाकार संपला तसे पंधरा दिवसांचे कपडे पिशवीत भरून ते औशाला आले.

तर मालकांची पाळी आली. गेट दहाला बंद, मित्र आणायचे नाहीत, अंड्याचं नाव काढायचं नाही. मग विचारलं, "नाव काय?" पुतण्यानं सांगितलं.

"पूर्ण नाव?"

दादा मध्येच म्हणाले, "काका, पोरगं रूमवर ऱ्हायला आलंय, सोयरीक जमवायला न्हाई."

ती रूम मिळाली नाही. दादांकडं एक वही आहे, तिच्यात गल्लीवार फुल्या आहेत. फुलीचं कारण लिहिलेलं नसतं. पण फोनवर पोरानं नाव सांगितलं की दादा क्षणभर थांबतात, वहीचं पान उलटल्याचा आवाज येतो आणि मग ते एरिया सांगतात. दोन पोरांना एकच एरिया सांगतील असं नाही. एवढ्या एका वहीसाठी विद्यापीठानं त्यांना पीएच.डी. द्यायला हरकत नव्हती.

हे झालं दुसऱ्यांचं. दादांच्या स्वतःच्या अकरा रूमांचा हिशेब मात्र निराळा आहे आणि तो मला फार उशिरा लागला. पहिली रूम गोलाईच्या मागं. आईचा डबा सकाळच्या एस.टी.नं कंडक्टरच्या हाती यायचा; तो स्टँडवरून आणेपर्यंत भाकरी वाळून कडकडीत. मग दादांना शिवाजी चौकाकडची हवा मानवली. पुढं नंदी स्टॉपला शांतता सापडली. मग राजीव गांधी चौकात वाचन फार होतं म्हणाले. प्रत्येक वेळी कारण वेगळं, रस्ता तोच. अकरावी रूम तर औसा रोडवर इतकी पुढं आहे की एस.टी. दारातच थांबते आणि डबा उघडला की पिठल्याची वाफ येते.

पुतण्याला अजून रूम मिळालेली नाही, म्हणून काल रात्री दादांना फोन लावला. ते खाडगाव रोडच्या पाण्याबद्दल सांगत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "अर्धी वाढू का रं अजून? गरम हाय."

"दादा, औशाला आलाव का?"

"छे, छे," दादा तोंडातला घास गिळत म्हणाले, "रूमवरच हाय. अभ्यास चाललाय."