समुद्रसपाटीवरचे काका

सायकलकाका ओळखायला सायकल लागत नाही. क्रोएशियातल्या स्प्लिटच्या धक्क्यावर आम्ही तीसेक जण बोटीची वाट बघत उभे होतो. डच, जर्मन आणि चुकून सापडलेले चार मराठी. तेवढ्यात एका गृहस्थांनी एका अनोळखी जर्मन बाईंच्या सायकलीचा टायर अंगठ्याने दाबला आणि मान नकारार्थी हलवली. मी बायकोला म्हटलं, "पुण्याचे."

निघाले कोथरूडचेच. वय पासष्टीच्या आत-बाहेर. पोट कधीच गेलेलं, पण ते कसं गेलं हे सांगणं अजून चालू. जर्सीच्या मागच्या तीन खिशांत फोन, चिक्की आणि मीठ-साखरेची पुडी. कुठल्याही विषयाचा रस्ता यांच्याकडे बीआरएम या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीवरूनच जातो. लोणच्याचा विषय निघाला तरी, "तीनशेच्या बीआरएमला रात्री दोन वाजता मी लोणच्याची फोडच चघळत होतो."

सायकल आणि बोट अशा या सहलीची पद्धत छान आहे. लाकडी बोट हेच हॉटेल. सकाळी न्याहारी करून सायकली धक्क्यावर उतरवायच्या, बेट ओलांडून पलीकडच्या बंदरात पोचायचं. तोवर बोट वळसा घालून तिथे हजर. सामान बोटीवर, दुरुस्ती वाटाड्याकडे. काकांचा आक्षेप नेमका यालाच होता. "मग आपण करायचं काय?" म्हणून ते दोन ट्यूबा, पंप आणि भाकरवडीचं अर्ध्या किलोचं पाकीट पाठीवर घेऊन निघायचे. गाड्या तिकडे उजवीकडून चालतात. पहिल्या चौकात काका अभिमानाने डावीकडे वळले, तेव्हा अख्ख्या तांड्याचा एकच 'अरे अरे' झाला. डच मंडळींनी तो डचमध्ये केला.

काकूंनी बॅटरीची सायकल घेतली होती. "ही सायकल नव्हे, लुना आहे," हा काकांचा निकाल. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी बटण दाबलं.

खरी गंमत ब्राच बेटावर झाली. तिथला विदोवा गोरा हा आद्रियाटिकच्या बेटांवरचा सर्वात उंच डोंगर, सुमारे ७८० मीटर. काका हसले, "आपला सिंहगड तेराशेच्या वर." पण पुणेकर घरातून निघतानाच साडेपाचशे मीटर वर असतो. ती उंची त्याला फुकट मिळालेली, आणि फुकटचं तो मोजत नाही. इथे सुरुवात शून्यापासून. माझं म्हणाल तर मी तिसऱ्या वळणाला उतरून सायकल ढकलू लागलो आणि 'जरा फोटो काढतोय' हे सर्वांना सांगत राहिलो. काका उतरले नाहीत. चेहरा टोमॅटोचा, वेग चालणाऱ्याचा. शेजारून काकू गुणगुणत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "अहो, पाणी प्या." नवऱ्याचा इतका सौम्य पराभव मी दुसरा पाहिलेला नाही.

काका बेटं पाहायला आलेलेच नव्हते, हे मला तिथे कळलं. ते आकडे घ्यायला आले होते. ह्वार बेटावरचं स्तारी ग्रादचं मैदान त्यांनी 'सरासरी वाढवायला उत्तम' म्हणून सुसाट पार केलं. पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये इथे वस्ती केली, दगडी बांध घालून शेतं आखली. द्राक्षं आणि ऑलिव्ह आजही त्याच आखणीत पिकतात. २००८ पासून हे मैदान जागतिक वारशाच्या यादीत आहे. काकू त्या बांधापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. "चोवीसशे वर्षं झाली आणि कुणी बांध कोरला नाही!" माहेर बारामतीकडचं, त्यामुळे आश्चर्य अस्सल होतं.

एक माणूस मात्र काकांना मनापासून पटला, रोमन सम्राट डायोक्लेशियन. इसवी सन ३०५ मध्ये याने राजीखुशीने गादी सोडली, स्प्लिटला आधीच बांधून घेतलेल्या ब्राचच्या पांढऱ्या दगडाच्या राजवाड्यात राहायला गेला आणि तिथे म्हणे कोबी लावला. परत राज्य करायला बोलावलं तर आपल्या कोबीचं कौतुक सांगून नाही म्हणाला, अशी कथा आहे. "स्वेच्छानिवृत्ती!" काका खूश. सबंध सहलीत त्यांनी सायकल टेकवून पाहिलेली ही एकच वास्तू.

एका सकाळी तिकडचा तो बोचरा ईशान्य वारा सुटला. त्याचं नाव बुरा. "नावातच सांगून ठेवलंय," म्हणत काका निघायला तयार होते. कप्तानाने हातानेच नाही म्हटलं. दिवसभर सगळे बोटीत पत्ते खेळत बसले आणि काका डेकवर उलटी ठेवलेली सायकल फिरवून चेन पुसत होते. जर्मन बाईंनी भीत भीत आपलीही सायकल पुढे केली. संध्याकाळपर्यंत रांग लागली. त्या दिवशी ते जितके आनंदात दिसले, तितके डोंगरमाथ्यावरही दिसले नव्हते. भाकरवडीचं पाकीटही तेव्हाच फुटलं.

पुण्याला परतल्यावर त्यांनी स्ट्रावा या सायकलफेऱ्या नोंदवणाऱ्या अॅपवरची नोंद ग्रुपवर टाकली. बोटीत चढल्यावर एकदा यंत्र बंद करायचं राहिलं होतं. नकाशावर त्यांची रेघ ब्राचच्या बोल बंदरातून सरळ समुद्रात शिरते आणि ह्वारला निघते. सहलीतली काकांची सर्वात वेगवान सरासरी त्याच तुकड्यात आहे, आणि त्यांनी ती अजून पुसलेली नाही.