लांबचा पक्षी जवळ आणण्याची सोपी रीत

सुरुवातीला पक्षी बाजूला ठेवावा. नवशिके इथेच चुकतात: आधी भिगवणला जाऊन उजनी धरणाच्या पाण्यावरचे रोहित (फ्लेमिंगो) डोळे भरून बघतात, आणि मग लेन्सवर एवढा खर्च कशाला, असे अशुभ प्रश्न मनात येऊ लागतात. तेव्हा आधी लेन्स.

मिररलेस कॅमेरा हलका असतो, असं सांगूनच तो घरात आणलेला असतो. आता त्याला सोनीची २००-६०० मिलिमीटरची लेन्स जोडावी. वजन दोन किलोंच्या वर. निकॉनची १८०-६०० किंवा कॅननची २००-८०० घेतली तरी खांद्याला फारसा फरक कळत नाही. हलकेपणाचा विषय यापुढे घरात काढू नये.

थोड्याच दिवसांत ६०० अपुरे वाटू लागतात. घाबरू नये, सगळ्यांचंच असं होतं. यावर उतारा म्हणजे टेलिकन्व्हर्टर, कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसणारी तळहाताएवढी काचांची डबी. १.४ पटीचा लावला की ६०० चे ८४० होतात, दुपटीचा लावला की १२००. दुकानदार इथे थांबतो. पुढचं गणित आपलं आपण करायचं: पहिला एक स्टॉप प्रकाश खातो, दुसरा दोन. एफ ६.३ ची लेन्स एफ ९ किंवा थेट एफ १३ होऊन बसते. उडत्या पक्ष्यासाठी शटर १/२००० ठेवून आयएसओ ८०० वर भागत असेल, तर आता १६०० नाहीतर ३२०० लागणार. जुने डीएसएलआर एफ ८ च्या पुढे ऑटोफोकसला बहुधा हात टेकायचे. मिररलेस थेट सेन्सरवरून फोकस करतो, त्यामुळे एफ १३ लाही प्रयत्न सोडत नाही. पहाटेच्या धुक्यात, राखाडी पाण्यावर राखी बगळा असला, की हा प्रयत्न बराच वेळ बघत बसता येतो.

कुठला कन्व्हर्टर कुठल्या लेन्सला चालतो, हे मात्र विकत घेतल्यावरच तपासावं, तेवढीच रंगत. त्याची पुढची काच लेन्सच्या पोटात शिरते, म्हणून तिथे जागा लागते. कॅननच्या आरएफ १००-५०० ला तो लावायचा तर झूम आधी ३०० च्या पुढे न्यावा लागतो आणि मागे आणता येत नाही. म्हणजे १०० ते ३०० चे पैसे भरलेत, पण ते तात्पुरते गोठवलेत. लेन्सही मग लांबलेलीच राहते, आखडत नाही. बॅग नवी घ्यावी. सिग्माची १५०-६०० एल माउंटवर कन्व्हर्टर घेते, तीच सोनीच्या माउंटवर घेत नाही. काचेचा दोष नाही, कंपन्यांचं आपसातलं राजकारण आहे, आणि त्याची किंमत आपण मोजतो.

एवढ्या तयारीनिशी भिगवणला निघावं, तेही निवांत न्याहारी करून. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि १२०० मिलिमीटरमधून ती थरथर दुप्पट मोठी दिसते. रोहिताची मान वितळल्यासारखी येते. लेन्स कितीही धारदार असो, मधली हवा ती पुसू शकत नाही. सॉफ्टवेअरला दोष देत पुढचे चार दिवस घालवता येतात.

ज्यांना फोटोच हवा आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. अंधार सरताच होडीत बसावं. अंतर निम्मं झालं, की साधी ६०० पक्षी तेवढाच मोठा टिपते जेवढा १२०० नी टिपला असता, आणि दोन स्टॉप प्रकाश वाचतो. पक्षी कुठवर सहन करतात हे नावाड्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तो थांबेल तिथे थांबावं, आणि थवा उडवायला त्याला सांगू नये. चरणारे पक्षी पोटासाठी आलेले असतात. त्यानंतरही पक्षी लहानच आला, तर ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून १.४ पट कापूनही सुमारे २३ मेगापिक्सेल उरतात. भिंतीवरच्या फ्रेमला ते भरपूर झाले.

आणि कन्व्हर्टर भाड्यानेही मिळतो. एका शनिवार-रविवारसाठी आणून बघा. मग घ्यायचाच झाला तर १.४ चा घ्या. दुपटीचा दुकानातच शोभतो.