मावशींच्या वहीतली स्थळं

लखनौच्या विकास नगरात राहणाऱ्या आमच्या मावशींनी आयुष्यभर लग्नं जुळवली. तिकडे मराठी स्थळांची मारामार, त्यामुळे कानपूरपासून झाशीपर्यंतची लग्नाळू मुलं त्यांच्या लाल वहीत नोंदलेली. अलीकडे नातीबरोबर कार्टून बघायची सवय लागली आणि वहीच्या मागच्या पानांवर निराळीच स्थळं उतरू लागली. दोन्ही रकान्यांत मुली!

मावशींना त्यात काही वावगं वाटलं नाही. "दोन्हीकडचे मुलीकडचेच. मानपान नाही, रुसणारं कोणी नाही. सोनंच की!" त्यांची तक्रार वेगळीच आहे. लेखक मंडळी बोलणी फार रेंगाळत ठेवतात.

'ॲडव्हेंचर टाइम'मधली राजकन्या बबलगम आणि हजार वर्षांची पिशाच्चराणी मार्सेलिन घ्या. (तिशी उलटलेल्या मुलींच्या आयांना मावशी हे वय मुद्दाम सांगतात.) 2011च्या एका भागात बबलगमची हरवलेली लाडकी वस्तू कोणती, तर मार्सेलिनने दिलेला काळा टी-शर्ट. तो घालून ती झोपते! मावशींनी तिथेच रिमोट दाबून चित्र थांबवलं. "ठरलं हे. आता उगाच कशाला ताणायचं?" पण ताणलंच. दोघींचं चुंबन दिसलं ते 3 सप्टेंबर 2018ला, शेवटच्या भागात. तीनच दिवसांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरून 377 कलमाचा फास काढला. हा योगायोग मावशी दूधवाल्यालाही ऐकवून झाल्या आहेत.

'लेजंड ऑफ कोरा'ने तर कहर केला. 2014च्या डिसेंबरात, मालिका संपता संपता, कोरा आणि असामी हातात हात घालून निघाल्या. त्या प्रेमात आहेत हे निर्मात्यांना नंतर वेगळं लिहून कळवावं लागलं. "अक्षता पडल्यावर पत्रिका वाटतात होय रे?" वाहिन्या बिचकतात, परदेशात कात्री लागते, हे नातीने समजावलं. जुन्या 'सेलर मून'मधल्या हारुका आणि मिचिरू या जोडीला अमेरिकन डबिंगवाल्यांनी चक्क 'कझिन' करून टाकलं होतं, हेही सांगितलं. मावशी डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. "आते-मामे नातं लावलं असतं तर आमच्याकडे लगेच मुहूर्तच काढला असता!"

'स्टीव्हन युनिव्हर्स'च्या रिबेका शुगर यांच्याबद्दल मात्र आदर. वाहिनीशी झगडून त्यांनी 2018च्या जुलैत रूबी आणि सफायरचं रीतसर लग्न लावलं. रूबी तापट, सफायर बर्फासारखी थंड. आणि सफायरला भविष्य दिसतं. "भविष्य दिसत असून होकार दिला! असं स्थळ मला आयुष्यात मिळालं नाही."

सर्वांत वरचा नंबर 'द आउल हाउस'च्या लूझ-ॲमिटीला. त्यांचं 2021मध्ये, दुसऱ्या पर्वातच जमलं आणि पुढची भांडणं-समजुतीही पाहायला मिळाल्या. मावशींच्या मते खरी गोष्ट जमल्यानंतरच सुरू होते, आणि तिला घाबरून शेवटच्या भागात उरकणारे लेखक आळशी.

आपल्याकडे अशा लग्नाची नोंद अजून होत नाही. ऑक्टोबर 2023मध्ये न्यायालयाने तो प्रश्न संसदेवर सोपवला. "म्हणून काय स्थळं बघायचीच नाहीत?" असं म्हणत मावशी वही उघडतात. मुलगा हवा की मुलगी, हे आता त्या आधीच विचारून घेतात.