श्रोता पाहिजे

१९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना गावी, वायएमसीएच्या तळघरात राल्फ स्मेडली यांनी भाषणाचा सराव करून घेणारा टोस्टमास्टर्स क्लब सुरू केला आणि जगाला उमगले की नेतृत्व म्हणजे ५ ते ७ मिनिटे न अडखळता बोलणे. हा प्रकाश आता भिवंडीच्या गल्लोगल्ली पोहोचावा, ही आमची नम्र सूचना. शहराची पात्रता वादातीत आहे. यंत्रमागांच्या खडखडाटात पिढ्यान्‌पिढ्या गप्पा मारलेल्या माणसाला माइक लागत नाही, तेवढीच बचत.

क्लबची पद्धतही निर्दोष. आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर एक-दोन मिनिटे बोलायचे. विषय ठाऊक असण्याची अट नाही. वेळ दाखवायला हिरवा, पिवळा, लाल असे दिवे. 'अं' आणि 'म्हणजे' मोजायला स्वतंत्र पदाधिकारी असतो. मुद्दे मोजायला कोणी नसतो, त्यामुळे आत्मविश्वासाला कुठेही धक्का लागत नाही.

महापालिकेनेही या कार्याला हातभार लावावा. खड्डे बुजवण्यात निधी घालवण्यापेक्षा खड्ड्यांवर ओघवते बोलणारे नागरिक घडवावेत. माणूस रस्त्यात अडखळला तरी चालेल, वाक्यात अडखळता कामा नये. अंजूरफाट्याच्या कोंडीत तर सरावाला वेळच वेळ.

अडचण एकच. सगळे पुढारी झाल्यावर श्रोत्याचे पद रिक्त राहील. त्यासाठी रीतसर जाहिरात द्यावी. अर्ज भरपूर येतील आणि मुलाखतीत प्रत्येक उमेदवार, आपण किती शांतपणे ऐकतो, यावर सात मिनिटे बोलेल. लाल दिवा लागल्यावरही.