कामट्या, खळ आणि आत्ती

कोल्हापूरजवळच्या आमच्या उचगावात हातानं काही करायची खरं तर कुणालाच गरज नाही. गावाच्या एका अंगाला पुणे-बेंगळुरू महामार्ग, दुसऱ्या अंगाला गांधीनगर. गांधीनगर प्रसिद्ध आहे ते कापडाच्या ठोक बाजारासाठी, पण तिथं जाऊन नुसत्या कापडापाशी थांबतो कोण? तोरणं, माळा, झुंबरं, आणि ती प्लॅस्टिकची फुलं, जी सुकत नाहीत, कोमेजत नाहीत, फक्त धूळ खातात. सगळं डझनाच्या भावात. सायकलवर टांग टाकावी आणि घेऊन यावं.

हा बाजार उभा राहिला तोही मोठ्या उलथापालथीतून. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या पोलिश लोकांची छावणी 1943 ते 1948 या काळात इथंच वळिवड्याला होती. जवळजवळ 5 हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. ती गेली, आणि फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं त्या जागी वसली. त्यांनी व्यापार मांडला, वाढवला आणि गांधीनगर झालं. घरदार सुटलेल्या माणसांनी जिद्दीनं दुकानं काढली. त्याचा परिणाम असा, की पिढ्यान्‌पिढ्या घरदार न सुटलेल्या आम्हा उचगावकरांना स्वतःच्या दाराचं तोरणसुद्धा स्वतः करायचं कारण उरलं नाही.

तरी आमच्या घरात दर सणाला कात्री निघते.

दिवाळीच्या तोंडावर मी बुरुडाकडून कामट्या घेऊन निघालो की वाटेत भेटणारा आधी कामट्यांकडं बघतो, मग माझ्या तोंडाकडं. "काय, यंदा घरीच?" ह्या 'घरीच'मध्ये कौतुक नसतं, काळजी असते. ह्याची नोकरी शाबूत आहे ना, पगार वेळेवर होतोय ना, अशी. एकानं तर मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, "काय अडचण हाय काय भावा? सांग की."

अडचण पैशाची नसते. अडचण मोबाइलची असते. 'पाच मिनिटांत सोपी सजावट' असा व्हिडिओ बायकोला कुठून तरी येतो. त्यात फक्त दोन हात दिसतात. खाली पांढरंशुभ्र टेबल. कात्री हवी तर कात्री हजर, डिंक हवा तर डिंक हजर. कागद कापला की कपटे आपोआप नाहीसे. मागं मंद संगीत. आणि खरोखर पाच मिनिटांत कमळ तयार होतं. त्याचं गुपित मला उशिरा कळलं. त्या हातांना नातेवाईक नसतात. त्या टेबलाच्या कडेला आमची आत्ती बसवा आणि मग म्हणावं, आता करून दाखवा पाच मिनिटांत.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. दिली गडमुडशिंगीला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. त्यामुळं तिचं माहेरपण कधी संपलंच नाही. सणाच्या आधी ती येते, पाटावर बसते, चष्मा लावते आणि म्हणते, "मी काय बोलत न्हाई. तुमचं चालू द्या. मी नुसतं बघतो." कोल्हापूरकडची बाई 'बघतो' म्हणाली की समोरच्यानं सावध व्हावं.

तिचं खरं क्षेत्र गौरी. आमच्याकडं गौर येते ती तेरड्याची. पण तिला मुखवटा लावून, साडी नेसवून उभी करायची असते, आणि तेरड्याला खांदे नसतात. मग घरभर खांद्यांचा शोध सुरू होतो. खाली ज्वारीची कोठी, कोठीवर शेंगदाण्याचा डबा, डब्यावर पालथा तांब्या आणि खांद्यांच्या जागी आडवं बांधलेलं लाटणं. ह्या सांगाड्यावर आत्ती नऊवारी अशी चढवते, की गौर आत्ताच दळण आणायला निघाली असं वाटावं. एकच त्रास. गौर जाईपर्यंत घरात शेंगदाण्याचं कूट होत नाही आणि चपात्या बाटलीनं लाटाव्या लागतात. एका वर्षी पाहुण्यांसाठी भाकरीचं पीठ कमी पडलं तेव्हा आईनं कोठीकडं नुसतं पाहिलं. आत्ती म्हणाली, "खबरदार. लेकीच्या पोटात हात घालायचा न्हाई."

मखर हे तात्यांचं खातं. तात्या म्हणजे चुलते. थर्माकोलच्या काळात ते भलतेच रंगात होते. ब्लेडनं कापलं की दाणे उडतात म्हणून त्यांनी तापलेल्या तारेचं यंत्र बनवलेलं. थर्माकोल म्हणजे जवळजवळ सगळी हवाच. त्यामुळं खांब, कमानी, कळस, नगारखाना असं काय काय रचत जायला तात्यांना वजन कधी आडवं आलं नाही. आलं ते सरकार. 23 मार्च 2018 ला राज्यात प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या बंदीची अधिसूचना निघाली आणि तात्यांचं साम्राज्य पुठ्ठ्यावर आलं.

पुठ्ठ्याला तत्त्वं असतात. तो पन्हळीच्या दिशेनं गुमान मुडपतो, आडवा मुडपायला गेलं की मोडतो. पण गांधीनगरच्या दुकानांतून रिकामी खोकी चिक्कार मिळतात, म्हणून तात्यांनी तोही मुलूख जिंकला. कमान झकास झाली. फक्त आरतीच्या वेळी माझ्या मुलीनं मोठ्यानं वाचलं की बाप्पाच्या डोक्यामागं 'ही बाजू वर' असं छापलंय आणि बाण खाली दाखवतोय. आरती थांबली. खोकं उलटं कापलं गेलं, की छापणाऱ्यानंच चूक केली, यावर दोन पक्ष पडले. देवाच्या मागं खोटं लिहिलेलं नको म्हणून शेवटी आत्तीनं त्यावर सोनेरी कागद चिकटवायला लावला.

हे सगळं झालं की दिवाळी. आणि दिवाळी म्हणजे कंदील.

जुन्या पद्धतीचा कंदील करायला खरंच सोपा आहे, फक्त एकट्यानं केला पाहिजे. सारख्या लांबीच्या 24 कामट्या घ्यायच्या. चार-चार बांधून सहा चौकोन करायचे. मग एका चौकोनाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला, असे ते सहाही एकमेकांना बांधत जायचे. बांधून झालं की मध्ये आठ त्रिकोण न मागता मिळतात. ग्रीक आर्किमिडीजच्या नावानं ज्या 13 घनाकृती ओळखल्या जातात त्यांतली ही एक. एवढं सगळं मी मुलीला समजावून सांगत होतो. तिनं मान डोलावली. आत्तीनं विचारलं, "त्यो कुठला म्हणायचा?"

"ग्रीसचा."

"मग त्येला दिवाळीचं काय कळतंय?"

आणि मग मूळ मुद्दा. "आरं, ह्यो चौकोन हाय का शंकरपाळी?"

खरं तर तिचं निरीक्षण बरोबर होतं. वरचा आणि खालचा चौकोन आडवे झोपतात आणि बाजूचे चौघे टोकावर उभे राहतात. मी म्हणालो, "आत्ती, शंकरपाळीच आहे ती. तशीच असते."

"तशीच असती तर मी कशाला बोलतो? ती डावीकडची हिकडं वड."

डावीकडची इकडं ओढली की उजवीकडची तिकडं जाते. आर्किमिडीजला हे ठाऊक असणार. त्याला आत्ती नव्हती, म्हणून त्याचं निभावलं.

खळीवर पुन्हा तात्या. विकतच्या डिंकाला त्यांच्या राज्यात प्रवेश नाही. खळ मैद्याचीच हवी, मंद आचेवर शिजवलेली, गुठळी न होऊ देता. आणि तिला कीड-बुरशी लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी, म्हणून खळीचं पातेलं वेगळं, आणि त्यावर तात्यांनी खिळ्यानं फुली कोरून ठेवलेली. आईचं म्हणणं असं, की घरातलं सगळ्यात चांगलं, बुडाला जाड असलेलं पातेलं नेमकं फुलीचं निघालं. ह्या पातेल्यावरून दोघा दीर-भावजयांत दर दिवाळीला बोलणी होतात आणि दर दिवाळीला फिसकटतात.

पतंगाचा कागद खळीनं ओला होतो आणि सुरकुततो. त्या क्षणी घरातले सगळे एका सुरात म्हणतात, "बिघडला!" खरं म्हणजे बिघडलेलं काही नसतं. वाळला की तोच कागद आपसूक ताणून ताठ बसतो. तेवढा वेळ गप्प राहायचं असतं, बस्स. कंदिलाच्या अख्ख्या कृतीत आमच्या घराला न जमणारा हा एकच टप्पा. कुणी सुरकुतीवर बोट फिरवतं, कुणी फुंकर मारतं, कुणी पंखा लावतं. मग भोक पडतं. मग त्या भोकावर चांदणी चिकटवली जाते. आमच्या कंदिलावरच्या चांदण्यांचं बघणारे फार कौतुक करतात.

वर कंदील चाललेला असताना खाली अंगणात किल्ला चाललेला असतो. कोल्हापूरकडं किल्ला म्हणजे पन्हाळाच. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात पन्हाळाही आला. तेव्हापासून गल्लीतली पोरं अंगणातल्या पन्हाळ्यावरसुद्धा कुणाला चप्पल घालून पाय टाकू देत नाहीत.

उचगावची माती काळी. उसाला झकास, किल्ल्याला बेभरवशाची. ओली असते तोवर बुरूज छान वळतात, वाळली की भेगा. त्यावर पोरांनी तोडगा काढला तो इतिहासाचा. भेगा दिसल्या की सांगायचं, "ह्या टोपीकरांच्या तोफांच्या." 1660 मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले होते, त्यामुळं पाहुण्यांना काही बोलता येत नाही. तात्यांचा तोडगा शेतकऱ्याचा. दगड-विटांवर चिखलात बुडवलेलं गोणपाट पसरायचं, वर हळीव शिंपडायचं आणि पाणी मारत राहायचं. चार-पाच दिवसांत गड हिरवा. अंबरखान्यासाठी तीन काड्यापेट्या लावल्या. गंगा, यमुना, सरस्वती अशी तिन्ही कोठारांची नावं मुलीनं त्यावर लिहिली, आणि पुस्तकात धान्याचं कोठार म्हटलंय म्हणून आत खरोखरचे तांदूळ भरले. रात्रीत मुंग्यांनी वेढा दिला. सिद्दीपेक्षा शिस्तीचा. पावसाची वाट बघत बसणं शक्य नव्हतं, म्हणून आत्तीनं हळद टाकून गड सोडवला.

थंडी पडली की वाकळ. हे काम तर एकटीनं करायचंच नसतं. जुनी लुगडी, धोतरं, गांधीनगरच्या शिलाईवाल्यांकडून आणलेल्या चिंध्या असं सगळं जमिनीवर पसरायचं आणि चार कडांना चार बायकांनी बसून धावदोरा घालत मध्याकडं सरकायचं. टाके सावकाश पडतात, गोष्टी भराभर. वाकळ मध्यापर्यंत येते तोवर गावातली दोन-तीन लग्नं जुळलेली आणि एखादं मोडलेलं असतं. आमच्या एका वाकळीत माझ्या शाळेच्या खाकी चड्डीचा तुकडा आहे. पाहुण्याला पांघरायला देताना आत्ती तो आठवणीनं वर येईल असं बघते, आणि ती चड्डी का फाटली होती तेही सांगते.

हिशेब मांडायचा तर आमचा कंदील फार महाग पडतो. कामट्या, कागद, मैदा, दोरा यांचं काही नाही. पण तेवढ्या काळात झालेला चहा धरला, तर त्या पैशात गांधीनगरातून गल्लीला पुरतील एवढे कंदील आले असते. तरी तो आम्ही करतो, आणि का करतो ते मला शेजारच्या मास्तरांमुळं समजलं.

मास्तरांनी विकतचा कंदील आणलेला. कळ दाबली की तीन रंग बदलायचा. येणारा-जाणारा त्याच्याकडं बघून 'छान' म्हणायचा आणि पुढं जायचा. दुसरं काय म्हणणार? तो ज्यानं केला त्याचा पत्ता कुणाला? विकतच्या वस्तूला नावं ठेवली तर ती कुठल्या कारखान्याला ऐकू जाणार? घरच्या वस्तूचं तसं नसतं. तिचा धनी समोर उभा असतो, बोटाला खळ लागलेली असते, आणि तिला नावं ठेवायचा हक्क सगळ्या गावाला असतो. हा हक्क बजावायला माणूस थांबतो. थांबला की फाटकातून आत येतो. आत आला की स्टूल मागतो.

मास्तरही तसेच आले. कंदिलाखाली मान वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "ती डावीकडची जरा खाली आलीय."

"मी काय सांगत होतो?" आत्ती पाटावरून ओरडली.

मास्तर स्टुलावर चढले. दोरा सोडला, बांधला, पुन्हा सोडला. तात्यांनी खळीचं पातेलं आणलं, आईनं ते ओळखलं, त्यावरून बोलणी पुन्हा सुरू झाली. मास्तरीणबाई नवऱ्याला शोधत आल्या, त्यांचं मत उजवीकडच्या बाजूनं पडलं. चहा झाला, चिवडा झाला, जेवायची वेळ झाली, तशी पिठलं-भाकरी झाली. डावीकडची शंकरपाळी शेवटी होती तिथंच राहिली. मास्तरांचा कंदील पलीकडं तीन रंग बदलत एकटाच लागलेला होता आणि त्याला कुणी काही बोलत नव्हतं.

म्हणून ज्यांना घरच्या घरी काही करून बघायचं असेल, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कृती लिहिणारे साहित्यात कामट्या, कागद, दोरा, खळ एवढंच लिहितात. त्यात पाटावर बसून नुसतं बघणारी एक आत्ती, एक चुलता आणि एक शेजारी वाढवा. तेवढी माणसं घरात नसतील तर आमच्याकडची न्या, उसनी द्यायला आमची हरकत नाही. फक्त आत्तीला गौरीच्या आधी परत पाठवा. लाटण्याचा खांदा करणं तिच्याशिवाय कुणाला जमत नाही, आणि तिनं हे वाचलं तर ती म्हणेल, तुला तरी कुठं जमलंय.