सोयाबीन, ताडपत्री आणि पुढच्या पाच दिवसांचा अंदाज

लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या लहान गावात ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात हवामानाचा प्रश्न एकच असतो: सोयाबीन आज कापायचं की चार दिवस थांबायचं? कापलं आणि पाऊस आला, तर भिजल्या गंजीत शेंगांना कोंब फुटतात. थांबलं आणि ऊन तापलं, तर उभ्या पिकात शेंगा तडकून दाणे रानात सांडतात. निसर्गानं दोन्ही बाजूंनी असा चोख बंदोबस्त केल्यामुळे गावाला अंदाज लागतो, आणि अंदाज देणाऱ्यांची गावात कधी टंचाई पडत नाही.

सरकारी अंदाज मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. भारतीय हवामान विभागाचे आकडे आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला असं ते पत्रक असतं. त्यात पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि ढग दिलेले असतात. ढग अष्टमांशात मोजतात. आभाळाचे आठ भाग धरून त्यातले किती झाकलेले, हे सांगायची ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे. गावाला फक्त आपल्या रानावरचा भाग त्या आठांतला कोणता, एवढंच विचारायचं असतं. खाली सल्ला असतो की काढलेलं पीक सुरक्षित ठिकाणी ठेवावं. ज्याच्या वाड्यात तीस क्विंटल माल मावतो त्याला हा सल्ला लागत नाही, आणि ज्याला लागतो त्याच्याकडे वाडा नसतो.

अडचण मापाची आहे. अंदाज जिल्ह्याचा असतो आणि लातूर जिल्ह्यात दहा तालुके आहेत. गंजी मात्र एका बांधाच्या आत असते. पत्रकात ‘तुरळक ठिकाणी’ असं असेल, तर जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त चौथा हिस्सा केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. त्यामुळे अंदाज बहुधा बरोबरच येतो, फक्त शेजारच्या शिवारात. इशाऱ्यांच्या रंगांचंही तेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. ऑक्टोबरमध्ये गाव आभाळाकडे लक्ष ठेवण्याखेरीज दुसरं काहीच करत नसल्यामुळे पिवळ्या रंगाची वेगळी दखल घेतली जात नाही.

हवामान खात्याला दोष देण्याआधी या दिवसांतल्या पावसाची जात पाहिली पाहिजे. नैर्ऋत्य मोसमी वारे 17 सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून माघार घेऊ लागतात आणि साधारण 15 ऑक्टोबरपर्यंत देशाच्या बहुतेक भागातून निघतात. तिकडे सलग पाच दिवस पाऊस थांबला, हवेतला ओलावा घटला, की परतीची घोषणा होते. पाहुणा खरोखर गेला की चार्जर विसरला म्हणून फाट्यावरून परत येतोय, याची खात्री करायला पाच दिवस फार नाहीत. मराठवाड्यात तोवर जमीन ओली आणि ऊन कडक असतं. दुपारी तापलेली दमट हवा वर चढते, चारच्या सुमारास एका कोपऱ्यातून काळं येतं आणि अर्ध्या तासात एकाच्या रानात पाणी साचतं. बांधापलीकडे धूळ उडत असते. हा पाऊस आदल्या दिवशी नेमक्या गावाचं नाव घेऊन सांगणं कुणालाच जमत नाही. दुसरा पाऊस बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याचा. तो आंध्र, तेलंगण ओलांडून येतो, त्यामुळे दोन-तीन दिवस आधी कळतो. आणि कळूनही काही करता येत नाही, कारण तेव्हा मजूर मिळत नाहीत.

पत्रकावर विश्वास नसलेल्यांसाठी पाराची सोय आहे. तिथं पंचांग चालतं. हस्त साधारण 10 ऑक्टोबरपर्यंत, मग चित्रा, मग स्वाती, प्रत्येकाला वाहन. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस भरपूर. कोल्हा असेल तर लहरी. ही पद्धत खात्यापेक्षा जास्त टिकली आहे याचं कारण उघड आहे: नक्षत्र तेरा-चौदा दिवस चालतं, आणि एवढ्या दिवसांत कोल्ह्याला कधी ना कधी लहर येतेच. पाराखालची तरुण मंडळी मोबाइलवर असतात. त्यांच्या गटात “शेतकरी मित्रांनो, परवापासून उघडीप” असा आवाज रोज फिरतो. तो कोणत्या वर्षीच्या परवाविषयी आहे हे विचारण्याची पद्धत नाही.

एवढे तज्ज्ञ असूनही कापणीचा दिवस शेवटी ठरवते ती कापणी करणाऱ्या बायकांच्या टोळीची म्होरकी. गुत्तं एकरावर असतं आणि तिच्या हातात आठ जणांची रानं असतात. “मालक, उद्या येऊ का? नगं म्हणलात तर मग पुढच्या आयतवारी,” एवढ्यात सगळे उपग्रह निकालात निघतात. तिच्यानंतर हडंब्याचा नंबर. मळणी करणाऱ्याचा हडंबा कुणाच्या रानात अडकला आहे यावर गंजी किती रात्री उघड्यावर राहणार ते ठरतं, आणि ही माहिती कोणत्याच पत्रकात येत नाही.

मग बुधवारी कापणी होते, गुरुवारी लख्ख ऊन पडतं आणि शुक्रवारी दुपारी, पत्रक येतं त्याच सुमाराला, आभाळ भरतं. आता गावातलं सर्वांत भरवशाचं यंत्र कामाला लागतं: ताडपत्री. एरवी ती तिघांत फिरते. मूळ मालक ती मागायला चालत आला तर शिंतोडे, सायकलवर आला तर सर, आणि न विचारता गंजीवरून ओढून न्यायला लागला तर विजांसह मुसळधार समजावं.

पडल्यावर पाऊस मोजला जातो तो महसूल मंडळाच्या केंद्रात. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी. केंद्रावर 62 भरला, तर कमरेएवढ्या पाण्यातून शेंगा वेचणारा शेतकरी कागदावर कोरडाच असतो. त्यानं आपल्या अंगणातल्या बादलीचा हवाला दिला तरी तलाठ्याला तिची नोंद घ्यायला रकाना नसतो.

रविवारी ऊन पडतं. गंज्या उलगडून वाळत घातल्या जातात, बाजारात ओलाव्यापोटी भाव किती पाडणार याचे अंदाज निघतात, आणि ज्यांच्या रानात वापसा आला ते हरभऱ्याच्या पेरणीची तयारी करतात. इथून गावाचे दोन तट पडतात. ज्याचं सोयाबीन अजून रानात आहे त्याला दिवाळीपर्यंत ढगही नको असतो. ज्याचं घरात आलं आहे त्याला हरभऱ्यासाठी स्वातीची एखादी सर हवी असते. पण शेजारी ताडपत्री झटकत असेपर्यंत तो हे मोठ्यानं बोलत नाही.